हाडाची परांची

कोंकणांतील एका शाळेंत मीं पुष्कळ वर्षें सातवीच्या वर्गाला शास्त्र शिकविलें. त्या काळांतला एक प्रयोग माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या अजून ध्यानांत आहे. रस्त्यांत भेटले कीं तेच त्याची आठवण काढतात. कोंबडीच्या पायाचें स्वच्छ केलेलें हाड कांचेच्या बरणींत ठेवावयाचें, तें बुडेल इतका सिरका ओतावयाचा, दोन-तीन दिवसांनीं सिरका बदलावयाचा आणि आठवड्या-पंधरवड्यानें हाड बाहेर काढावयाचें. आकार तोच, लांबी तीच. पण दोन्ही टोकें धरून दाबलीं तर तें ओल्या वेताप्रमाणें वांकतें आणि सोडतांच पुन्हां सरळ होतें. दुसरें तसेंच हाड निखाऱ्यांत पांढरें होईपर्यंत भाजलें तर त्याचाहि आकार कायम राहतो, पण बोटानें दाबलें कीं त्याचा चुरा होतो. (हें हाड शाळेंत आणावयाचें कोणीं, हा दर वर्षीं एक नाजूक प्रश्न असे. आमच्या घरून तें येणें शक्य नव्हतें. कोळीवाड्यांतला एखादा विद्यार्थी तें मोठ्या ऐटींत कागदांत गुंडाळून आणी आणि त्या दिवशीं वर्गांत त्याचाच मान असे.)

हाडांत दोन द्रव्यें एकमेकांत विणलेलीं असतात. एक चुन्याच्या जातीचा क्षार, म्हणजे कॅल्शियम व फॉस्फरस यांचें संयुग. दुसरें कोलॅजन नांवाचें तंतुमय प्रथिन. सिरक्यांतील आम्ल पहिल्याला विरघळवून नेतें. विस्तव दुसऱ्याला जाळून टाकतो. इतकें फळ्यावर लिहून मी धडा संपवीत असें. त्या वांकणाऱ्या हाडाच्या मागें शंभरांहून अधिक वर्षांची एक हकीगत आहे, ती मला फार उशिरां, निवृत्त झाल्यावर वाचतां वाचतां कळली. आज तीच सांगणार आहें.

मोडलेलें हाड आपलें आपण सांधतें. हाडवैद्य व शस्त्रवैद्य या दोघांचेंहि पुष्कळसें यश निसर्गाच्या या देणगीवरच चालतें. दोन टोकें जवळ आणून तीं हालूं द्यावयाचीं नाहींत, एवढेंच त्यांच्याकडे उरतें. परंतु मधला तुकडाच नाहींसा झाला असेल तर? अपघातांत हाडाचा चुरा होतो, हाडांत पू होऊन पोकळी पडते, गांठ काढतांना बोटभर हाड काढावें लागतें. अशा वेळीं दोन्ही टोकें एकमेकांकडे पाहात राहतात आणि मधली फट मांसानें भरून जाते. ती फट कशानें भरावयाची, हा शस्त्रवैद्यकांतला जुना प्रश्न आहे. रोग्याच्या स्वतःच्या कमरेच्या हाडांतून तुकडा काढून बसविणें हा आजहि उत्तम उपाय मानतात. पण त्यासाठीं निरोग्या जागीं दुसरी जखम करावी लागते, आणि कमरेचें हाड कांहीं अक्षय्य भांडार नव्हे. म्हणून हवी असते परांची. गवंडी भिंत बांधतांना बांबूंची परांची उभी करतो, तिच्या आधारानें भिंत वर चढते, आणि काम झालें कीं परांची उतरवितात. हाडाच्या फटींत घातलेल्या द्रव्यानें तसेंच वागावें, म्हणजे शरीरांतील पेशींनीं त्यांत शिरून नवें हाड रचावें आणि रचून झाल्यावर त्या द्रव्यानें विरून जावें, अशी अपेक्षा आहे.

अशी परांची दुसऱ्या प्राण्याच्या अंगांतून घ्यावी, ही कल्पना पुष्कळ जुनी आहे. ॲम्स्टरडॅमच्या जॉब व्हॅन मीकरेन या शस्त्रवैद्याच्या, १६६८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत एका रशियन सरदाराच्या फुटलेल्या कवटींत कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसविल्याची गोष्ट आहे. जखम भरली, पण धर्मसंस्थेनें त्याला वाळींत टाकलें. तेव्हां हा तुकडा काढून घ्या असें सांगत तो वैद्याकडे परत आला, तर तुकडा इतका एकजीव झालेला कीं निघेना. मीकरेननें हें स्वतः पाहिलें नव्हतें. पत्रावरून आलेली बातमी त्यानें लिहून ठेविली. तेव्हां तिला इतिहास न म्हणतां ऐकीव गोष्टच म्हणावें.

खरा प्रयोग सुरू झाला तो एका जेवणाच्या ताटांतून. १७३६ सालीं लंडनचा जॉन बेल्चियर हा शस्त्रवैद्य एका छिटें छापणाऱ्या कारखानदाराकडे जेवावयास गेला असतां वाढलेल्या डुकराच्या मांसांतील हाडें त्याला तांबडीं दिसलीं. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, मंजिष्ठाच्या रंगांत भिजलेला कोंडा त्या डुकराला खावयास घालीत असत. आपल्याकडे वैद्य वापरतात त्या मंजिष्ठेचीच ही युरोपीय बहीण. तिचा रंग जुन्या हाडाला चढत नाहीं. नव्यानें घडत असलेल्या हाडालाच चढतो. फ्रान्समधील द्युहामेल द्यु मॉन्सो यानें पुढच्या कांहीं वर्षांत प्राण्यांना आळीपाळीनें मंजिष्ठ घालून व बंद करून हाडांत तांबडे-पांढरे थर पाडून दाखविले. त्यानें वाढत्या प्राण्यांच्या हाडाभोंवतीं चांदीच्या तारेचें कडें बसविलें. कांहीं काळानें तें कडें हाडाच्या आंत, मगजाच्या पोकळींत सांपडलें. म्हणजे हाड हा मेलेला खांब नव्हे. बाहेरून तें चढत असतें आणि आंतून झिजत असतें. झाडाच्या सालीप्रमाणें हाडावरचा पातळ पापुद्राच हाड घडवितो, असें द्युहामेलनें ठरविलें. पुढें ल्यों शहरच्या ओलियेनें सशांवर प्रयोग करून १८६७ सालीं त्यावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि ग्लासगोच्या मॅकईवेननें एका लहान मुलाच्या दंडांतील नाहींसें झालेलें हाड १८८० सालीं दुसऱ्या मुलांच्या हाडांचे तुकडे बसवून पुन्हां उभें केलें. परंतु बसविलेला तुकडा जगतो कीं मरतो, यावर एकमत होईना. १८९३ सालीं आर्थर बार्ट या जर्मन शस्त्रवैद्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून सांगितलें कीं, तुकडा मरतोच. शेजारचें जिवंत हाड हळूहळू त्याची जागा घेतें. त्याचें म्हणणें पूर्णपणें खरें ठरलें नाहीं. तरी मेलेलें हाडहि परांचीचें काम करूं शकतें, एवढें त्यांतून निश्चित झालें.

आतां आपल्या बरणींतल्या हाडाकडे येऊं. निकोलस सेन् हा १८४४ सालीं स्वित्झर्लंडमध्यें जन्मलेला, आणि लहानपणींच आईबापांबरोबर अमेरिकेंतील विस्कॉन्सिन प्रांतांत गेलेला शस्त्रवैद्य. त्याच्यापुढें अडचण होती ती पू होऊन कोरल्या गेलेल्या हाडांची. मऊ अवयवांत जखम झाली तर तिच्या भिंती एकमेकींस चिकटतात व ती भरते. हाडांतील पोकळीच्या भिंती ताठ असतात. त्या जवळ येत नाहींत, आणि अशा पोकळींतून वर्षानुवर्षें पू वाहात राहतो. लिस्टरच्या जंतुनाशक पद्धतीचा तो काळ. सेननें बैलाच्या पायाचें हाड मंद हायड्रोक्लोरिक आम्लांत ठेवून त्यांतला क्षार काढून टाकला, राहिलेल्या मऊ भागाच्या चकत्या केल्या, त्या जंतुनाशकांत भिजविल्या आणि कुत्र्यांच्या हाडांत पाडलेल्या पोकळ्यांत भरल्या. नंतर तो माणसांकडे वळला. १८८९ सालीं हें सर्व त्यानें प्रसिद्ध केलें. पोकळ्या भरल्या, आणि त्या हाडानें भरल्या.

येथें मी क्षणभर थांबतों. सेननें घातलेलें द्रव्य तेंच होतें, ज्याचें रहस्य पुढें पाऊणशें वर्षांनीं उलगडावयाचें होतें. मग तें त्याला कां उलगडलें नाहीं? बुद्धि कमी पडली असें म्हणतां येणार नाहीं. त्याला पू थांबवावयाचा होता, आणि तो थांबला. नवें हाड कोठून आलें हें त्यानें विचारलें असतें तरी त्या कुत्र्यांकडून उत्तर मिळालें नसतें. कारण पोकळीच्या चारी भिंती जिवंत हाडाच्याच होत्या. हाड भिंतींनीं दिलें कीं चकत्यांनीं, हें निवडावयाचें कशावरून? प्रयोगाची मांडणीच अशी होती कीं, दोन साक्षीदार एकाच वेळीं बोलत होते.

पुढें कांहीं चमत्कारिक साक्षी येऊं लागल्या. १९३१ सालीं शिकागोच्या चार्ल्स हगिन्सनें कुत्र्याच्या मूत्राशयाचें आंतलें अस्तर पोटाच्या स्नायूंच्या आवरणांत बसविलें, तर तेथें हाड तयार झालें. जेथें हाडाचा कांहींएक संबंध नाहीं तेथें! (हगिन्सला १९६६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, पण तें दुसऱ्याच शोधाबद्दल.) १९३८ सालीं स्वीडनच्या लेव्हांडरनें हाडाचा मद्यार्कांतील अर्क सशांच्या स्नायूंत टोंचला, तेव्हां कांहीं सशांत हाड बनलें. मग इतरांनीं नुसता मद्यार्क टोंचून पाहिला, तर त्यानेंहि क्वचित् हाड बनतें असें दिसलें, आणि लेव्हांडरच्या अर्काची प्रतिष्ठा बरीच उतरली. नुसता मद्यार्क टोंचून पाहण्याची बुद्धि ज्यांना झाली त्यांचें मला फार कौतुक वाटतें. प्रयोगांतलें खरें शहाणपण पुष्कळदां अशा कोरड्या, रसहीन तुलनेंत असतें.

मार्शल अरिस्ट हा लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांतला अस्थितज्ज्ञ. त्याचा मूळ विषय हाडांत क्षार कसा बसतो हा होता. त्यासाठीं आम्लांत क्षार काढून टाकलेलीं हाडें तो प्राण्यांच्या स्नायूंत पुरून ठेवी. क्षार पुन्हां बसतो का, एवढेंच पाहावयाचें होतें. बसला तो नुसता क्षार नव्हता. पुरलेला तुकडा हळूहळू खाल्ला गेला होता आणि त्याच्या जागीं नवें, जिवंत, मगजासह हाड उभें होतें. नोव्हेंबर १९६५ मध्यें ‘सायन्स’ या नियतकालिकांत त्याचा लेख आला. त्यांतलें म्हणणें असें कीं, हें हाड शेजारच्या हाडानें दिलेलें नाहीं, कारण शेजारीं हाड नाहींच. मेलेल्या, क्षारहीन हाडांत असें कांहीं आहे कीं, ज्याच्या सांगण्यावरून भोंवतालच्या साध्या पेशी आपला धंदा सोडून हाड घडवूं लागतात.

सेनची चकती आणि अरिस्टचा तुकडा यांत द्रव्याचा फरक जवळजवळ नाहीं; जागेचा आहे. एकानें ती हाडांत ठेविली, दुसऱ्यानें मांसांत. मांसांत ठेवतांच दुसरा साक्षीदार गप्प झाला आणि पहिल्याचा आवाज ऐकूं आला. १९७१ सालापासून अरिस्ट त्या अज्ञात द्रव्याला अस्थिजनक प्रथिन या अर्थाच्या नांवानें ओळखूं लागला. दांतांतल्या दंतिनांतहि ती शक्ति असल्याचें त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. पण तें प्रथिन वेगळें काढून हातांत दाखवा, असें लोक म्हणत, आणि तें त्याला लवकर जमलें नाहीं.

हा भाग मीं एकदां वर्गांत सांगितला होता. तेव्हां मागच्या बांकावरील एका मुलीनें विचारलें, “गुरुजी, मग त्या सशाचें पुढें काय झालें?” मीं कांहींतरी बोलून विषय बदलला. तिचा प्रश्न आजहि माझ्या मनांत आहे, म्हणून उत्तर देतों. स्नायूंत हाड बनलें कीं नाहीं हें खात्रीनें पाहावयाचें तर त्या प्राण्याला मारावें लागतें, तो भाग काढून त्याचे पातळ काप करावे लागतात आणि ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवावे लागतात. एकहि ससा त्यांतून सुटत नाहीं. यावरून सगळे प्रयोगच बंद करावे असें म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांना मी हंसणार नाहीं. मला इतकेंच वाटतें कीं, वाईट रीतीनें विचारलेला प्रश्न हें या कामांतलें सर्वांत मोठें पाप आहे. कारण त्यांत जीव जातो आणि उत्तरहि येत नाहीं.

असें पाप पुष्कळ घडलें. स्नायूंत हाड बनलें म्हणून फटींतहि तें द्रव्य उपयोगी पडेल असें नव्हे. त्यासाठीं फटींतच पाहणें आवश्यक होतें. पण प्राण्याच्या कवटीला लहानसें भोंक पाडलें तर तें आपलें आपणहि भरतें. विशेषतः प्राणी लहान वयाचा असला तर फारच लवकर. त्यांत कोणी चुना घाला, कोणी प्रवाळ घाला, कोणी कांहीं घालूं नका. भोंक भरतें आणि घालणाराला श्रेय मिळतें. आपल्याकडे आपोआप बऱ्या होणाऱ्या तापांवर ज्यांचीं औषधें फार गुणकारी ठरतात, त्या वैद्यांची येथें आठवण होते. या गोंधळावर १९८६ सालीं श्मिट्झ व हॉलिंजर या दोघांनीं एक साधें माप सुचविलें. त्या प्राण्याच्या उभ्या आयुष्यांत जें भोंक आपण होऊन कधींच हाडानें भरणार नाहीं, त्यांतलें लहानांत लहान भोंक कसोटीला घ्यावें. प्रयोगशाळेंतील पांढऱ्या उंदराच्या कवटींत हें माप त्यांनीं ८ मिलिमीटर सांगितलें, सशाच्या कवटींत १५. त्याहून लहान भोंकांत मिळालेल्या यशाचें मोल थोडें. शिवाय एका गटाचें भोंक कांहीं न घालतां रिकामें ठेवावयाचें, म्हणजे द्रव्याचें काम किती व निसर्गाचें किती, हें कळतें. आज हें अगदीं उघड वाटतें. पण तें सर्वमान्य व्हावयाला सेनपासून मोजलें तर सुमारें शंभर वर्षें लागलीं.

आतां या हकीगतींतला मला सर्वांत आवडणारा भाग. हरि रेड्डी हे दिल्ली विद्यापीठांतून पदवी घेऊन अमेरिकेस गेलेले भारतीय शास्त्रज्ञ. मूत्राशयाच्या अस्तरापासून हाड उठविणाऱ्या त्याच हगिन्सबरोबर त्यांनीं शिकागोला काम केलें. या दोघांनीं १९७२ सालीं क्षारहीन हाडाची पूड पांढऱ्या उंदराच्या कातडीखालीं ठेवून काय घडतें याचें दिवसवार वेळापत्रकच मांडलें. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास साध्या पेशी पुडीभोंवतीं जमतात. पांचव्या दिवशीं त्यांतून कूर्चेच्या पेशी दिसूं लागतात, सातव्या-आठव्या दिवशीं चांगली कूर्चा तयार होते. नवव्या दिवशीं केशवाहिन्या तींत शिरतात, दहाव्या-अकराव्या दिवशीं हाड दिसूं लागतें, आणि एकविसाव्या दिवशीं त्या हाडांत रक्त निर्माण करणारा मगज असतो. आईच्या पोटांत गर्भाचें हाड ज्या क्रमानें घडतें तोच हा क्रम. फक्त तो जन्मलेल्या प्राण्याच्या कातडीखालीं, पुडीच्या चिमटीभोंवतीं पुन्हां सुरू झालेला.

पुढें रेड्डी वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथील सरकारी संशोधनसंस्थेंत गेले. तेथें कुबेर संपत या सहकाऱ्याबरोबर १९८१ सालीं त्यांनीं एक सुंदर प्रयोग केला. ग्वानिडिन नांवाच्या रसायनानें त्यांनीं त्या पुडींतून विरघळणारीं प्रथिनें धुऊन काढलीं. उरलेला तंतूंचा सांगाडा उंदराच्या कातडीखालीं ठेविला. कांहीं झालें नाहीं. धुऊन काढलेलीं प्रथिनें नुसतीं ठेविलीं. तरीहि कांहीं झालें नाहीं. मग दोन्ही पुन्हां एकत्र केलीं, आणि हाड बनलें. आमच्या घरांतील स्त्रियांना हें समजावून सांगावें लागलें नाहीं. विरजणावांचून दुधाचें दहीं होत नाहीं, आणि नुसतें विरजण चाटून कोणाचें पोट भरत नाहीं. जिला आपण परांची म्हणत होतों, ती नुसती परांची नव्हती. तिच्यावर गवंड्यांना हांक मारणारा मुकादमहि बसलेला होता. दोघांची ताटातूट केली कीं दोघेहि निकामी.

याच दोघांनीं १९८३ सालीं आणखी एक कोडें सोडविलें. माणसाच्या किंवा बैलाच्या हाडाची क्षारहीन पूड उंदरांत हाड उठवीत नसे. मग निरनिराळ्या प्राण्यांचा मुकादमच निराळा आहे का? त्यांनीं माणूस, माकड, बैल व उंदीर या चौघांच्या हाडांतून तीं प्रथिनें धुऊन काढलीं आणि उंदराच्याच निष्क्रिय सांगाड्यावर चढविलीं. चौघांच्याहि प्रथिनांनीं हाड उठलें. परका होता तो सांगाडा. त्याला शरीर शत्रु समजत होतें. हुकूम सर्वांना कळणारा होता. १९८४ सालीं तर एक गोष्ट अशी निघाली कीं, ती ऐकून मला पीठ दळणाराची आठवण झाली. पुडीचे कण ७४ ते ४२० मायक्रॉनांचे, म्हणजे साधारण बारीक रव्याएवढे असले तर हाड बनतें. तीच पूड आणखी दळून कण ४४ ते ७४ मायक्रॉनांचे, मैद्यासारखे केले तर बनत नाहीं. प्रथिन नष्ट झालें म्हणावें तर तसेंहि नाहीं. त्या मैद्यांतून तें काढून रव्याच्या निष्क्रिय सांगाड्यावर चढविलें कीं पुन्हां काम करतें. पेशींना उभें राहावयाला जागा लागते, आणि जागेचा आकारहि लागतो.

१९८८ सालीं अमेरिकेंतील वोझ्नी व त्याच्या सहकाऱ्यांनीं हीं प्रथिनें घडविणारीं जनुकें हस्तगत केलीं. आतां मणावारी गुरांच्या हाडांतून चिमटीहून कमी प्रथिन काढीत बसण्याचें कारण राहिलें नाहीं. पेशींच्या मोठमोठ्या कुंडांत तें हवें तितकें बनूं लागलें. येथपर्यंतची कथा ऐकतांना वाटतें कीं, आतां शेवट गोड होणार.

जुलै २००२ मध्यें अमेरिकन सरकारच्या औषध-प्रशासनानें या प्रथिनांपैकीं एकाला कमरेच्या मणक्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं परवानगी दिली. गुरांच्या कंडरेंतून काढलेल्या कोलॅजनचा स्पंज त्या प्रथिनांत भिजवावयाचा, टायटॅनियमच्या पोकळ नळींत घालावयाचा आणि दोन मणक्यांमध्यें बसवावयाचा. मात्रा होती मिलिलिटरला दीड मिलिग्रॅम. हाडांत निसर्गतः जें प्रमाण असतें त्याच्या ती अनेकपट आहे. इतकी कां लागली? कारण उंदराची फट भरावयाला जेवढें प्रथिन पुरतें तेवढें माकडाला पुरत नाहीं, आणि माणूस तर माकडाहूनहि सावकाश हाड घडवितो. शिवाय ओला स्पंज प्रथिनाला फार वेळ धरून ठेवीत नाहीं. बरेंचसें आसपास पाझरतें. निसर्गाच्या सांगाड्यांत जो मुकादम घट्ट बसलेला होता, तो येथें सुटा झाला होता. रेड्डी व संपत यांनीं दोघांची जोडी दाखवून दिली होती. धंद्यानें मुकादमांची संख्या वाढवून परांचीची उणीव भरून काढली, असें मला वाटतें. हें एका मॅट्रिक झालेल्या मास्तराचें मत आहे, तेव्हां तज्ज्ञांनीं रागावूं नये.

परवानगी कमरेपुरती होती, पण शस्त्रवैद्य तें मानेच्या मणक्यांतहि वापरूं लागले. जुलै २००८ मध्यें त्याच प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला कीं, मानेंत वापरल्यावर सूज येऊन कांहीं रोग्यांचा श्वास कोंडला, जीवावर बेतलें. जून २०११ मध्यें मणक्यांच्या रोगांना वाहिलेल्या एका अमेरिकन नियतकालिकानें जवळजवळ संपूर्ण अंक या एका विषयाला दिला. ज्या मूळ प्रयोगांना औषध बनविणाऱ्या कंपनीचा पैसा होता, त्यांत अपाय जवळजवळ सांगितलेलेच नव्हते. प्रत्यक्षांत ते तेथें दिलेल्या अंदाजाच्या १० ते ५० पट असावेत, असा हिशेब त्यांत मांडला होता. पुढें येल विद्यापीठाच्या मध्यस्थीनें कंपनीनें आपली सर्व माहिती खुली केली, आणि ती दोन स्वतंत्र मंडळांनीं तपासली. त्यांचे निष्कर्ष २०१३ सालीं आले. मणके सांधण्यांत हें प्रथिन रोग्याच्या स्वतःच्या कमरेच्या हाडाहून विशेष सरस नाहीं, असें त्यांत होतें.

यांत उंदरांनीं आपल्याला फसविलें असें म्हणतां येईल का? उंदरांना मुख्यतः विचारलें होतें कीं, हाड बनतें का? त्यांनीं प्रामाणिकपणें उत्तर दिलें, बनतें. माणसाच्या मानेंत, श्वासनलिकेशेजारीं, एवढ्या मात्रेनें सूज येईल का, हा प्रश्न वेगळा होता. तो माणसांना विचारला गेला, आणि त्यांनीं दिलेलें उत्तर कांहीं काळ कागदावर उतरलें नाहीं.

नवें प्रथिन असें वादांत सांपडलें, तरी अरिस्टची जुनी क्षारहीन पूड मात्र कामावरून गेलेली नाहीं. बोस्टनच्या ज्युली ग्लोवाकी, मलिकन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आधीं उंदरांच्या कवट्यांत पाहून मग १९८१ सालीं चेहऱ्याच्या व कवटीच्या हाडांत व्यंग असलेल्या रोग्यांत ती वापरल्याचें प्रसिद्ध केलें, आणि त्यानंतर तिचा प्रसार झाला. मृत्यूनंतर दान केलेल्या मानवी हाडांपासून ती बनते. आपल्याकडे मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांत १९८८ सालापासून ऊतिपेढी आहे. तेथें दान आलेलें हाड व इतर ऊति गॅमा किरणांनीं निर्जंतुक करून शस्त्रवैद्यांना पुरवितात. नेत्रदानाची माहिती आतां घरोघर पोंचली आहे. हाडहि देतां येतें, हें मात्र फार थोड्यांना ठाऊक असतें.

पण या पुडीचा एक स्वभाव आहे. सर्वांचीं हाडें सारखीं नसतात, आणि आम्लांत किती वेळ ठेविलें, कितीसें तापलें, कण केवढे राहिले, यावर तिची शक्ति अवलंबून असते. एक खेप उत्तम निघते, दुसरी नुसती भर घालण्याच्या लायकीची असते, आणि डोळ्यांना दोन्ही सारख्याच पांढऱ्या दिसतात. म्हणून खेपेचा नमुना घेऊन पारखण्याची पद्धत पडली आहे. मानवी हाड साध्या उंदरांत चालत नाहीं, हें १९८३ सालीं कळलेंच होतें. तेव्हां ज्यांच्या शरीराला परकें द्रव्य ओळखतां येत नाहीं, अशा जन्मतः थायमस ग्रंथि नसलेल्या उंदरांवर ही पारख करतात. पूड त्यांच्या मांडीच्या स्नायूंत ठेवतात. जेथें अरिस्टनें ठेविली होती, तेथेंच, हाडापासून दूर. चार आठवडे थांबतात, आणि मग काप काढून पाहतात.